भावोजींना ताप आला तेव्हा

विद्या साळवे लहानपणापासून भित्री. नगरला आई तिला तिन्हीसांजेला परसातले कपडे आणायला पाठवायची, तर मोठ्या बहिणीचं बोट धरल्याशिवाय ती पायरी उतरत नसे. सुचित्राताई मात्र धीट. नर्सिंग झाल्यावर ती नवऱ्याबरोबर थेट काँगोतल्या मिशनच्या दवाखान्यात गेली. विद्या लग्न करून मस्कतला आली. नवरा, एकनाथ, सोहारच्या बंदरात नोकरीला, फक्त सुट्टीला घरी यायचा. मस्कतच्या दार्सैत भागातल्या फ्लॅटमध्ये विद्या आणि छोटी प्रियांका दोघीच, आणि दाराला सदा कडी.

२०१४च्या सप्टेंबरात ताई आणि स्वरूपभावोजी तिकडचं काम संपवून कायमचे नगरला परतायला निघाले. वाटेत काही दिवस विद्याकडे उतरले. नगरच्या चर्चमध्ये त्यांचा सत्कार ठरला होता. ताईनं रुवीच्या बाजारातून भावोजींसाठी पांढरे शर्ट आणले, बॅगा पुन्हा भरायला घेतल्या.

एका सकाळी भावोजी चहाला उठलेच नाहीत. दोन ब्लँकेटांखाली दात वाजत होते.

"आई, काका का हलतात?" प्रियांकानं विचारलं.

विद्यानं तिला खेचून मागे घेतलं. टीव्हीवर रोज आफ्रिकेतल्या इबोलाच्या बातम्या चालू होत्या.

"मलेरिया आहे," ताई म्हणाली. "गोळ्या आहेत माझ्याकडे. कुणाजवळ बोलू नकोस."

"नक्की मलेरियाच ना?"

ताई हळूच म्हणाली, "निघायच्या आधी एक माणूस आणला होता. रक्ताच्या उलट्या. ह्यांनीच उचलून आत घेतला. तो गेला. कशानं, ते कळलंच नाही."

"मग हॉस्पिटलला कळवू या."

"नको गं, विद्या! असा संशय आला की वेगळं ठेवायला तंबूत नेतात. आत गेलेलं माणूस घरच्यांना पुन्हा दिसत नाही. मी पाहिलंय." ताईनं तिचं मनगट घट्ट धरलं. ताईला घाबरलेलं विद्यानं आजवर कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानं ती जास्तच हादरली.

खाली स्कूलबसनं हॉर्न दिला. प्रियांकाला पाठवायचं की नाही? वर्गातली सगळी पोरं तिच्या डोळ्यांसमोर आली. हॉर्न पुन्हा वाजला आणि बस निघून गेली. विद्यानं एकनाथला फोन लावला.

"तू पोरीला घेऊन बाहेर पड!" तो म्हणाला.

"कुणाच्या घरी नेऊ हे दुखणं?" ती म्हणाली. "त्यांना काय सांगू?"

फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन, रडत रडत, तिनं हॉस्पिटलचा नंबर फिरवला. सगळं सांगितलं, काँगो, ताप, तो मेलेला माणूससुद्धा.

डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसं आली आणि भावोजींना स्ट्रेचरवरून घेऊन गेली. बाकीच्यांनी घराबाहेर पडायचं नाही, असं बजावून गेली. समोरच्या फ्लॅटमधल्या, मूळ रत्नागिरीच्या नसीबाचं दार किंचित उघडलं आणि धाडकन मिटलं. थोड्या वेळानं आतूनच आवाज आला, "विद्या, काय लागलं तर फोन कर. दार नको वाजवू."

"माझी सख्खी बहीण असून तू हे केलंस," ताई म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

एकनाथ आला, पण त्याला वर सोडलं नाही. तो खाली गाडीशी उभा राहून खिडकीकडे बघत होता. विद्या सारखी प्रियांकाचं कपाळ चाचपायची. कधी ते गरमच लागे, मग स्वतःचं बघायची, तेही गरम. स्वयंपाकात मीठ घातलं की नाही, तेही तिला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. इबोला नव्हता. मलेरियाच, पण जहरी. आणखी उशीर झाला असता तर मेंदूत गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

"मी म्हणत होतेच ना, मलेरिया म्हणून," ताई म्हणाली आणि विद्याच्या मांडीवर डोकं टाकून हुंदके देऊ लागली.

भावोजी हिंडूफिरू लागेपर्यंत ऑक्टोबर उजाडला. इबोलाच्या संशयाची बातमी नगरला पोचली होती. सत्कार सध्या राहू द्या, असा पाळकांचा निरोप आला. भाड्यानं ठरलेल्या खोलीच्या मालकानंही नाही म्हटलं.

विमानतळावर ताई सामानाच्या गाडीला धरून उभी राहिली. "तिकडे गोळीबार ऐकत झोपले मी. आता घरी जायचीच भीती वाटते गं."

विद्यानं ताईची पर्स स्वतःच्या खांद्याला लावली, तिचं बोट धरलं आणि आत जायच्या दारापर्यंत चालत गेली.

ताई आणि भावोजी पुढे संगमनेरला राहिले. ताई तिथल्या एका दवाखान्यात लागली. साधा ताप घेऊन कुणी आलं, तरी आधी तिचं पाऊल मागे सरतं, असं ती फोनवर विद्याला सांगते.