टेलरच्या कोटाचं बटण

परदेशी मुलाकडे आलोय. इथल्या ॲडम्सटाउन स्टेशनाबाहेरच्या बाकावर एक गोरा म्हातारा रोज दिसतो. कोटाचं बटण लोंबतंय, अन् हा घडीघडी चाचपतो, आहे की पडलं. आडनाव टेलर. माझी सून म्हणाली, "बाबा, टेलर म्हणजे शिंपी. या आडनावाचे नट झाले, गवई झाले, खेळाडू झाले."

मी जन्मभर शिलाई केलेली. दुसऱ्या दिवशी सुईदोरा घेऊनच गेलो. सुनेला म्हटलं, "सांग त्याला, शिंप्याला हे शोभत नाही. काढ म्हणावं कोट."

तो हसला. बटण मुठीत धरून काहीतरी बोलला. सुनेनं हळूच सांगितलं, "ते म्हणतात, आमच्या टेलरांत सुई एकीलाच धरता यायची, माझ्या बायकोला. ती गेली. हा दोरा तिचा आहे."

मी सुई खिशात घातली. माझ्या सदऱ्याची काजं आमच्या हिच्या हातची. तीही गेलीय. घरी येईपर्यंत मी ती काजं चाचपत होतो.