चिकूवर बंद पडलेलं घड्याळ

डिसेंबरातल्या एका सोमवारी, तपासणी समिती येण्याच्या थोडं आधी, तलासरीजवळच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातलं चिखलावर चालणारं घड्याळ बंद पडलं.

आगर गावाजवळच्या खाडीतला काळा चिखल पाच बरण्यांत भरला होता. प्रत्येक बरणीत ग्राफाइटची एक पट्टी चिखलात, दुसरी वरच्या पाण्यात. चिखलातले जीवाणू अन्न खातात आणि त्यातून सुटणारी वीज पट्टीवाटे तारेत येते. बरण्या एकमेकींना जोडल्या की छोटं डिजिटल घड्याळ चाले. अन्न म्हणून मी वसतिगृहातल्या भाताची पेज घालत असे, रोज थोडीच. मी तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवत होते. समितीसमोर घड्याळ चाललं तर पुढच्या वर्षीची नेमणूक, असं प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

आमचे विभागप्रमुख घोलवडच्या चिकूवाडीतले. शनिवारी ते चिकूचा गर भरलेलं पातेलं घेऊन प्रयोगशाळेत आले.

"समितीला काय पेज दाखवणार? तुमच्या वेवजी गावात दुसरं काही पिकत नाही का, मॅडम?"

"पिकतं, सर. पण बाजारात न खपलेलं आम्ही कॉलेजात आणत नाही."

"जीभ चांगली चालते तुमची. घड्याळही तसंच चालवा."

एवढी साखर एकदम घातली तर बरण्या आंबतील, असं मी सांगितलं. त्यांनी गर ओतायला सुरुवात केली. पाचव्या बरणीवर मी हात ठेवला.

"ठेवा ती तुमच्या पेजेला," ते म्हणाले. "गरिबाघरची एक असू दे."

संध्याकाळी चार बरण्यांचा मीटर थोडा वर गेला होता. त्यांनी मला मुद्दाम बोलावून तो दाखवला. रविवारी प्रयोगशाळा बंद होती.

सोमवारी चारही बरण्यांवर फेस होता, वास आंबट होता. निळा लिटमस लाल झाला. साखर आधी आंबवणाऱ्या जीवाणूंनी उचलली होती. त्यांनी तयार केलेल्या आम्लात वीज देणारे मंदावले. पेजेच्या बरणीचा आकडा शुक्रवारइतकाच होता. एकट्या बरणीवर घड्याळ चालत नाही.

"बरण्या मॅडमच बघतात," विभागप्रमुखांनी समितीला सांगितलं.

"अन्न कोणी बदललं?" एका सदस्याने विचारलं.

"सरांनी. शनिवारी," मी म्हणाले.

"मॅडम समोरच उभ्या होत्या. अडवलं का नाही, तेही विचारा ना."

"अडवलं होतं. ती ही बरणी." मी मीटर लावून दाखवला.

सदस्याने आकडा पाहिला, बंद घड्याळ पाहिलं आणि समिती ग्रंथालयाकडे गेली.

एप्रिलमध्ये माझी नेमणूक वाढवली नाही. पावसाळ्यानंतर त्याच टेबलावर पुन्हा पाच बरण्या मांडल्या गेल्या. प्रयोग विभागप्रमुखांच्या नावावर आहे. बरण्यांत रोज थोडी भाताची पेज घालतात. हे दोन विद्यार्थिनींनी मला वेगवेगळ्या वेळी सांगितलं.