उंच निळी आणि ठेंगणी काळी

माझ्या दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यांनी, जन्मात कुठलीही वस्तू दुसरीशी ताडून पाहिल्याशिवाय घरात आणलेली नाही. कलिंगड एकच हवं असलं तरी ते दोन उचलतात, एक या कानाशी, एक त्या कानाशी धरून टिचक्या मारतात, आणि विकणारा बाकीची गिऱ्हाइकं सोडून त्यांच्या तोंडाकडे बघत राहतो. एवढंच काय, ताईला बघायला आले तेव्हा पोहे संपवून त्यांनी आमच्या वडिलांना सरळ सांगितलं, "आज आनखी एक ठिकाण बघायचं हाय, पणदऱ्यात. ते बघून आलो की सांगतो." वडील असे भडकले की काही विचारू नका. पण संध्याकाळी दाजी खरंच परत आले आणि दारातूनच म्हणाले, "तितं पोहं झ्याक व्हतं. पण पोरगी हितली." ताई अजूनही पोहे केले की "पणदऱ्यासारखं झालंय का?" म्हणून विचारते, आणि दाजी मान खाली घालून खातात.

तर अशा माणसाच्या डोक्यात लांबच्या प्रवासाची मोठी मोटरसायकल शिरली. पोरगी सासरी गेली, पोरगा पुण्यात नोकरीला लागला, त्यांच्या गावची, कळसची, डाळिंबाची बाग पुतण्या बघू लागला, आणि दाजींना एकाएकी देश बघायची ओढ लागली. चारचाकी घ्या म्हटलं तर म्हणाले, "काचंआडनं काय दिसतंय, पावणं? वारं तोंडावर आलं पायजे." बारामतीत भिगवण रोडला दोन शोरूम होत्या. एकीत होती निळी, उंच, जिराफासारखी. दुसरीत काळी, ठेंगणी, रुंद बुडाची. मी बारामतीत राहतो, हा माझा गुन्हा. दर रविवारी सकाळी दाजी माझ्या दारात हजर. आधी निळीवर बसायचं, ती चव जिभेवर आहे तोवर तरातरा चालत जाऊन काळीवर बसायचं, मग पुन्हा निळीवर. दोन्हीकडचे सेल्समन एकमेकांचे वैरी होते. दाजींनीच त्यांची ओळख करून दिली, आणि पुढे पुढे ते दोघे रस्त्याकाठच्या टपरीवर आमची वाट बघत एकत्र चहा पिऊ लागले.

दाजींच्या परीक्षा कंपनीला सुचल्या नसतील अशा. पणदऱ्याच्या वाटेवरच्या खड्ड्यांतून त्यांनी मला मागे बसवून नेलं, हातात काठोकाठ भरलेला तांब्या देऊन. निळीवर मी गुडघ्यापर्यंत भिजलो, काळीवर नुसती बाही ओली झाली. पुढच्या रविवारी दोन्ही गाड्या सेल्समनसकट कळसला बोलावल्या, कारण दोन्हींचा आवाज म्हशींना ऐकवायचा होता. काळीला म्हशींनी कान हलवले आणि रवंथ चालू ठेवला. निळी सुरू झाली तशी एकीने दावं तोडलं. तरीही दाजींचा जीव निळीवरच. तिच्यावर बसून ते कुंपणापलीकडचं सगळं शिवार बघत होते. "राजा असल्यागत वाटतंय बगा," ते म्हणाले. निळीच्या सेल्समनने काळीच्या सेल्समनला टाळी दिली. ठरल्यातच जमा होतं.

ताई इतका वेळ दारात उभी राहून हसत होती. दाजींनी हाक मारली, "ये गं, बस. तुलाबी फिरायचंय न्हवं?" ती आली. पदर खोचला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पाय उचलला. गुडघा वर येईना. दुसऱ्यांदा उचलला, तेव्हा तिची बोटं माझ्या खांद्यात रुतली. मग पाय खाली ठेवून ती मोठ्याने हसली. "तुमी जावा. म्हसरांचं कोन बघंल? मी घरीच बरी." आणि चहा ठेवायचं निमित्त काढून आत गेली.

दाजी निळीवरून उतरले. काळी ढकलत त्यांनी ओट्याला लावली आणि दाराशी जाऊन म्हणाले, "च्या ऱ्हाऊ दे. भाईर ये."

"आता काय?"

"ये तर."

ओट्यावरून काळीच्या सीटवर ती पायरी उतरावी तशी बसली. दोघे कॅनॉलपर्यंत जाऊन आले. परतली तेव्हा तिचा अंबाडा सुटला होता आणि कपाळाला आठी होती. "एवढं हळू? आपला ट्रॅक्टर बरा!" दाजी हसले, आणि सेल्समनला म्हणाले, "काळी द्या."

"दाजी, निळीवर अजून एकदा बसून बघा की," मी म्हणालो.

"न्हाय," ते म्हणाले. "बघून झालं."

परवा मी न कळवता कळसला गेलो. दाराला कुलूप. ताईच्या घराला कुलूप मी कधी पाहिलं नव्हतं. शेजारच्या आजी म्हणाल्या, "गेल्यात दोगं कोकनात. म्हसरं आमच्याकडं हायती." मी ओट्यावर बसलो आणि फोन लावला. पलीकडे नुसता वारा आणि लाटांचा आवाज.

"ऐकू येतंय का रे?" ताई ओरडली. "समुद्र हाय ह्यो! तुजं दाजी बग पान्यात गेल्यात, पोरावानी!"

"येतंय," मी म्हणालो.

"तू कुठं हायस?"

"तुझ्या ओट्यावर."

मग तिने हळूच विचारलं, "जेवलास का?"

मी जेवलो म्हणालो, आणि तिने फोन बंद करेपर्यंत लाटा ऐकत राहिलो.