खंडेनवमीचं मशीन

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेच आता आठवतही नाहीत. पण एका दसऱ्याची सकाळ काही केल्या डोक्यातून जात नाही, आणि त्या प्रकरणात गुन्हेगार कोणीच नव्हता.

महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती. मी मेहकर तालुक्यात फौजदार होतो. जानेफळच्या बाजूच्या एका गावात नुकतीच वीज आली होती. गावाचं नाव सांगत नाही आणि माणसांचीही नाही, कारण त्या घरातले लोक आजही तिथंच राहतात.

सकाळीच पोलीस पाटील सायकल दामटत ठाण्यात आले. गावातला सुतार शॉक लागून जागीच गेला होता. अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि दोन शिपाई घेऊन निघालो. अंगण शेणानं सारवलेलं, अजून ओलं. त्याच अंगणात अनवाणी उभं राहून सुतारानं दसऱ्याच्या मुहूर्तावर बैलगाडीच्या जुवाला भोक पाडायला घेतलं होतं. हातात विजेचं ड्रिल मशीन. त्या पंचक्रोशीत असलं मशीन त्याच्याकडेच होतं आणि त्याची त्याला भारी मिजास होती. धाकट्या भावानं बोर्डातून वायर ओढून काढली, तोवर सगळं संपलं होतं.

पंचनामा करताना एक गोष्ट खटकली. मशीनच्या वायरीत तीन तारा होत्या. दोन पिनेला जोडलेल्या, तिसरी मुळाशी कापलेली. मशीन मुद्देमाल म्हणून जप्त करून सील केलं. त्यावर हळदकुंकू होतं, पण ते तर करवतीवर, रंध्यावर, पटाशीवरही होतं. आदल्या दिवशी खंडेनवमी झाली होती; त्यात नवल ते काय?

दिवसकार्य उरकण्याआधीच मयताच्या बायकोचा भाऊ ठाण्यात हजर झाला.

"साहेब, हा अपघात नाही. त्या धाकट्यानंच तार कापली. भर चावडीत म्हणे, हे मशीन तुह्या जिवावर उठन! इचारा कोणालेही."

विचारलं. पाच-सहा जणांनी तेच सांगितलं. गावात बातमी देणाऱ्यांची कधी वाण नसते. खरं काय ते निवडून घेताना मात्र आपला जीव जातो. धाकट्याला चौकशीसाठी आणलं.

"भावाशी भांडलास?"

"हाव साहेब."

"काऊन?" मीही त्याच्याच बोलीत विचारलं.

"मले ते मशीन नको होतं. आपल्या हाताचं गिरमिट का वाईट आहे, असं म्हनलं मी."

"तार कोणी कापली?"

तो गप्प. मी आवाज चढवला, मऊ बोलून पाहिलं, चहा पाजला. खुनाच्या आरोपात जाशील, म्हणून बजावलं. तो म्हणाला, "जाईन." गुन्हेगार गप्प बसतो तेव्हा त्याचे डोळे दाराकडे असतात. ह्याचे डोळे जमिनीवर होते. हा स्वतःला वाचवत नाही, दुसऱ्या कोणालातरी वाचवतोय, एवढं मला कळलं. पण कोणाला?

उत्तर विद्युत निरीक्षकांनी दिलं. ते ठाण्यात आले, पंचांसमोर मशीनचं सील फोडलं आणि मशीन उघडलं. आत हळदीचा चिखल, कुंकू आणि फुगलेल्या अक्षता.

"ह्याला कोणी आंघोळ घातली?" त्यांनी विचारलं.

तिसरी तार मयतानंच कापली होती, हेही निघालं. घरातला बोर्ड दोन भोकांचा. तिसऱ्या तारेला जागा नाही म्हणून त्यानं मशीन आणलं तेव्हाच ती छाटून वर पट्टी गुंडाळली होती. पट्टीवर भुशाचा थर बसला होता, म्हणजे काप ताजा नव्हता. ती तार जमिनीत नीट उतरवलेली असती, तर फ्यूज उडाला असता आणि माणूस वाचला असता.

मी मयताच्या बायकोचा जबाब घ्यायला गेलो. तिनं काहीही न लपवता सांगितलं. सांगताना आवाजात अभिमान होता.

"पूजा मीच केली साहेब. सगळ्या हत्यारायले पाण्यानं आंघोळ घातली, मंग दुधानं. मशीन नवं होतं ना, त्याले तं जास्तच घातली. एवढं मनापासून केलं, मंग देवीनं असं काऊन केलं?"

माझं पेन थांबलं.

ठाण्यात परतलो आणि धाकट्यापुढे मशीन ठेवलं. तो हुंदके देऊन रडला.

"मी पाह्यलं होतं साहेब, वैनी धूत होती ते. दादा मेल्यावर मले समजलं. तिले सांगू नका. तिले समजलं तं ती जगणार नाही. मले ठेवा आत."

त्याला आत ठेवण्याचं कारणच उरलं नव्हतं. अपघाती मृत्यू म्हणून अहवाल पाठवला, त्याला सोडलं. बाईला एवढंच सांगितलं की वायरीत दोष होता. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

वर्ष सरलं. नवरात्र जवळ आलं आणि माझी झोप उडाली. त्याच भागात आता आणखी सुतारांनी विजेची मशीनं घेतली होती. कोणाकडे ड्रिल, कोणाकडे रंधा. बोर्ड दोन भोकांचेच. खंडेनवमीला घरोघरी तांब्याभर पाणी तयार असणार. गप्प राहावं तर दुसऱ्या घरात प्रेत पडेल. बोलावं तर ही बाई खचेल. मी आधी धाकट्याला गाठलं.

"साहेब, तिच्या कानावर जाईनच ना," तो म्हणाला. पण मशीन घेतलेल्यांची नावंही त्यानंच सांगितली.

चावडीवर सगळ्यांना जमवलं. सांगितलं, विजेच्या हत्याराला पाणी घालू नका, कोरड्या फडक्यानं पुसा, पुसतानाही पिन काढून ठेवा. तिसरी तार कापू नका. बोर्ड बदलून घ्या. ओल्या अंगणात, अनवाणी पायांनी मशीन धरू नका. मागच्या साली काय झालं, ते मात्र बोललो नाही. बोलायची गरजही नव्हती. बायकांच्या घोळक्यात ती उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला.

"म्हणजे म्या धुतलं म्हणून," ती म्हणाली.

"तार जोडलेली असती, तर धुतल्यावरही ते वाचले असते, बाई."

"तार त्यायनं तोडली. पाणी म्या घातलं." एवढं बोलून ती घरी गेली. धाकटा माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवशी मला माझी वर्दी नकोशी झाली.

दुसऱ्या दिवशी शिपायानं खबर आणली. ती बाई सुतारांच्या घरोघरी फिरत होती. पूजा बायका करतात, आणि फौजदाराचं चावडीवरचं बोलणं चुलीपर्यंत पोचत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ती प्रत्येकीला सांगत होती, "बाई, ह्याले पाणी लावू नको. मी लावलं होतं."

ह्या प्रकरणानं मला एक शिकवलं. प्रत्येक मरणामागे वैरी शोधायची आम्हा पोलिसांना सवय असते. पण पुष्कळदा मागे नुसती माया असते, तिला धोका कोणी सांगितलेला नसतो. आणि सत्य तपासाच्या कागदात बंद करून ठेवलं, तर ते पुढच्या घरातला माणूस नेतं.

बदली होण्याआधी मी तिला भेटायला गेलो. सांगितलं, "बाई, त्यानंतर ह्या भागात मशीननं कोणी गेलं नाही. तुमच्यामुळे."

ती नवऱ्याचा रंधा कोरड्या फडक्यानं पुसत होती. हात न थांबवता म्हणाली, "एक गेला ना, साहेब."