बिनज्योतीची शेगडी

हसू नका, असं मी म्हणणार न्हाई. हसाच! आमच्या गावात सगळ्यांचं हसून झालंय, सेनगावच्या बाजारातही झालंय, मग तुमीच काहून मागं राहता? फक्त हातातला चहा तेवढा खाली ठेवा. ठसका लागंल.

तर झालं असं. आमची वैशाली, माझी लेक, हिंगोलीला बँकेत नोकरी करती. तिला वसमतचं स्थळ आलं. हळदीचा व्यापार, बागायती शेती, पोरगा शिकलेला, सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन न्हाई. पोरापोरीचं फोनवर बोलणं झालं होतं, दोघांची मनं जुळली होती. आता अडलं होतं ते फक्त थोरामोठ्यांच्या होकारावर.

पोराच्या आईनं निरोप धाडला, "पोह्याची बशी घेऊन पोरगी दाखवायचं सोंग आमाला नको. हुरड्याचे दिवस हायेत, तुमच्या शेतातच भेटू."

किती साधी माणसं! मग साध्या माणसांपुढं माणसानं साधंच वागावं का न्हाई? पण मला कुठली अक्कल!

माझ्या मेहुण्यानं पुण्यातलं मोठं घर सोडून फ्लॅट घेतला, तव्हा त्याची गॅसवरची ग्रिल शेगडी मला देऊन टाकली होती. चाकं काय, झाकण काय, वर लोखंडी जाळी काय! अन् जाळीखाली चिनीमातीची पांढरी फरशी. तिला सुईच्या टोकाएवढी भोकं, मोजायला बसलात तर डोळे जातील.

मेहुणा म्हणला होता, "दाजी, हा इन्फ्रारेड बर्नर आहे. गॅस या भोकांच्या तोंडाशीच जळतो, फरशी तापते आणि तिच्या धगीनं पदार्थ भाजला जातो."

मी मान डोलावली. कळो न कळो, मान डोलवण्यात माझा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात सापडायचा न्हाई.

घरी आणली अन् ती शेगडी पावसाळाभर सोयाबीनच्या पोत्यांमागं पडून राहिली. ती मी पाहुण्यांसाठी गॅसच्या टाकीसकट बैलगाडीत घालून शेतात नेली.

आमची मंडळी, सुमन, म्हणली, "अहो, आगटी पेटवलीय ना हुरड्याला? मंग त्या डब्याचं काय काम?"

"सुमन, वसमतचे लोक हायेत ते! त्यांनी आगट्या काय कमी पाह्यल्या? जरा येगळं दाखवू."

"येगळं दाखवायला पोरगी हाय ना," ती म्हणली. पण बायकोचं ऐकलं असतं तर हा किस्सा झाला असता का?

भर दुपारी पाहुणे आले. पोराचे वडील बापूसाहेब, परीटघडीचा पांढरा शर्ट, अंगानं भारदस्त. पोराची आई कमलताई, बोलायला मोजकी, पण नजर अशी की हळदीचं हळकुंड न मोडता आतला रंग सांगंल. पोरगा बिचारा लाजून बोराटीकडं बघत बसलेला.

आमी शेगडीपाशी उभे राहिलो अन् सुरू झालो.

"बापूसाहेब, याला इन्फ्रारेड म्हणतात. टीव्हीच्या रिमोटमधी किरण असतात ना, त्याच घराण्यातले हे!"

"म्हणजे रिमोट दाबला की वांगं भाजतंय?" बापूसाहेबांनी इचारलं.

"बराबर!" मी म्हणलो. आता यात काय बराबर होतं, तुमीच सांगा!

टाकीचा गॅस सोडला, बटन फिरवलं, टिक टिक केलं. भुक्! जराशी पिवळी ज्योत थरथरली अन् इझली. परत टिक टिक. परत भुक्.

वैशाली हळूच म्हणली, "बाबा, गॅस बंद करा आधी. नळीत कोळ्यानं जाळं केलं असंल. मामाकडं पण एकदा असंच झालतं."

ही पोरगी कॉलेजला मामाकडंच होती बरं का. याच शेगडीवर तिनं कितीदा पनीर अन् कणसं भाजलेली. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं!

गॅस बंद केला, नळी काढली, तार घातली. आतून जाळ्याचा हा एवढा गोळा निघाला, अन् मागून त्याचा मालक! आठ पायांनी शर्टावर चढला माझ्या. मी जो काही नाचलो! पण जाळं निघालं म्हणून बापूसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. "वा! तुमी तर मेकॅनिक हायेत!"

झालं. डोक्यात हवा शिरली.

परत पेटवली. भप्प आवाज आला, अन् मंग सगळं शांत. मी वाकून बघतो तर ज्योत न्हाई, उजेड न्हाई, धूर न्हाई. फरशी पांढरी ती पांढरीच. बाजूच्या पत्र्याला हात लावला, गार!

"बंदच पडली," मी कपाळाला हात लावला.

"बाबा, पेटलीय ती," वैशाली म्हणली. "मोठी ज्योत नसतीच हिला. फरशी तापून लाल होती, पण एवढ्या उन्हात ते दिसत न्हाई. वरून लांब हात धरून बघा."

आता सांगा, एका बापाला, पाहुण्यांसमोर, लेकीनं शिकवायचं?

"तू गप बस! ज्योत न्हाई तर आग कुठून येणार? बापाला शिकवून राहिली का?"

मी बटन त्याच दिशेनं पार शेवटपर्यंत फिरवलं.

"बाबा, तसं बंद होत न्हाई, ते बारीक झालं. उलटं..."

"वैशाली! दही आण जा!"

ती दही आणायला गेली. जाता जाता तिनं एकदा मागं वळून बघितलं. ती नजर आजबी आठवली की घास उतरत न्हाई.

पुढचं मात्र सगळं झकास झालं. सुमनच्या आगटीतला हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. पाहुणे खूश. बापूसाहेब मिशीला लागलेलं दही पुसत म्हणले, "आमच्याकडनं अडचण न्हाई बघा."

एवढं ऐकलं अन् मला राहवलं न्हाई. सत्कार! शाल अन् श्रीफळ मी आधीच आणून ठेवलं होतं. स्टीलच्या ताटात शाल, शालीवर नारळ, बाजूला हळदीकुंकू. ताट ठेवायला उंच जागा पायजे होती.

समोर आयतं टेबल उभं होतं की!

ठेवलं ताट शेगडीच्या जाळीवर, सगळ्यांना उभं केलं अन् भाषण सुरू केलं. आमी गावच्या सोसायटीचे माजी चेअरमन हावोत. एकदा सुरू झालो की आवरायची सोय न्हाई.

"बापूसाहेब, सोयरीक म्हणजे दोन घरांची गाठ..."

बापूसाहेबांनी नाक हुंगलं.

"...अन् ही शाल म्हणजे नुसतं कापड समजू नका. हिच्यात आमच्या मनातली ऊब हाय!"

सुमन लांबून हात हलवून राहिली होती. मला वाटलं, भाषण आवडलं. मी आवाज चढवला. वैशाली उठली, तिला मी डोळ्यानंच बसवलं. कमलताई म्हणल्या, "काहीतरी जळून राहिलंय."

"आगटीचा वास हाय ताई," मी म्हणलो. "तर ही ऊब, बापूसाहेब, एकदा तुमच्या खांद्यावर पडली की..."

फाट्ट!

नारळ फुटला हो! बॉम्ब फुटावा तसा! एक करवंटी तुरीत गेली, पाणी उडालं ते सगळं बापूसाहेबांच्या परीटघडीवर. शाल निघाली नकली लोकरीची. ती मेणासारखी वितळून ताटाला चिकटली अन् कडेनं भडकली. पाहुणे मागं सरले. पोरगा ढेकळात बसला.

मी काय करावं? पाण्याची घागर उचलली अन् केली की उपडी शेगडीवर! वाफेचा लोट उठला. तड्, तड्, तडाड! तापलेली फरशी ती, गार पाण्यानं तिचे तुकडे तुकडे झाले. मी घागर घेऊन तसाच उभा, चेहऱ्यावर वाफ, पायाशी चिखल.

बापूसाहेब शर्टावरचं पाणी झटकून राहिले.

काय सांगू, जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. शाल गेली त्याचं काही न्हाई. शेगडी गेली त्याचंही न्हाई. पण पोरीच्या आयुष्याचा प्रश्न, अन् तिचं तोंड दाबून मी माझंच घोडं दामटलं होतं. सुमनच्या डोळ्यात पाणी. मी हात जोडले, "बापूसाहेब, माफी..."

तेवढ्यात बघतो तर वैशाली टाकीपाशी. मी घागर शोधून राहिलो होतो, तव्हाच तिनं पळत जाऊन टाकीचा गॅस बंद केला होता. मंग तिनं आपली ओढणी... न्हाई, चुकलो, सुमनचा स्वच्छ टावेल आणून बापूसाहेबांच्या हातात दिला अन् म्हणली, "कुठं भाजलं तर न्हाई ना?"

कमलताईंनी तिला जवळ बोलावलं. "पोरी, शेगडी चालू हाय हे तुला ठाऊक होतं?"

वैशालीनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"व्हय," ती म्हणली. "सांगितलं होतं मी."

कमलताईंनी ताटातल्या त्या काळ्या गोळ्याकडं बघितलं, नवऱ्याच्या शर्टाकडं बघितलं, मंग माझ्याकडं नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. पदर सावरला अन् सुमनला म्हणल्या, "पोरगी आमाला पसंत हाय, ताई. आजच सुपारी फोडा."

माझा जीव भांड्यात पडला. मी पुढं झालो, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"तुमी थांबा. बापाचं आमी घरी जाऊन, इचार करून कळवतो."