नऊ इंच, दोन सूत

मिस्त्रींच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपराच्या खळगीपर्यंत, नऊ इंचांची फूटपट्टी गोंदलेली आहे. आकडे, अर्ध्या इंचाच्या रेघा, पाव इंचाच्या त्याहून आखूड रेघा, सगळं शिस्तीत. त्या भागात सुतार पुष्कळ, पण ‘हातावर पट्टी असलेला’ म्हटलं की शेंबडं पोरही दुकान दाखवतं. दुकानाच्या पाटीवर नावाच्या जागी एक हातच रंगवलेला आहे. रंगाऱ्याला जागा भरायची होती म्हणून त्याने त्यावर बारा इंच काढले, पण तो वेगळा विषय.

मूळ हातावरची पट्टी चुकीची आहे, हे सव्वीस वर्षं आपल्याखेरीज कुणाला ठाऊक नाही, असं मिस्त्रींना वाटत असे.

तेविसाव्या वर्षी ते एका वस्तादांकडे काम शिकत होते. हात चांगला होता, पण मोजायचा टेप दिवसातून दहा वेळा हरवायचा. “टेप काय तुझ्या हाताला चिकटवून देऊ?” असं एकदा वस्ताद वैतागून म्हणाले. वैतागून बोललेलं मनावर घ्यायचं नसतं, हे कळायला वय लागतं. पुढच्या सुट्टीला मिस्त्री टॅटूच्या दुकानात जाऊन बसले.

गोंदणाऱ्याने आल्बम पुढे केला. वाघ, साप, गुलाब, अकरा वळणांत लिहिलेलं ‘आई’. मिस्त्रींनी तो दोनदा चाळला. वाघ आपल्याबरोबर म्हातारा होणार, गुलाब भुश्शात शोभणार नाही, आणि एका मुलीचं नाव मनात होतं, पण तिला त्याची कल्पना नव्हती. शेवटी त्यांनी खिशातून लाकडी फूटपट्टी काढली. जगात काय वाटेल ते बदलेल, इंच बदलणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. इतका विचार करून टॅटू निवडणारा माणूस विरळाच.

चूक विचारात नव्हती, खुर्चीत होती. गोंदणाऱ्याने त्यांचा हात कोपरात दुमडून खुर्चीच्या हातावर ठेवला, पट्टी लावली, खुणा केल्या आणि सुई चालवली. तीन तासांनी मिस्त्री उठले, आळस द्यायला हात लांब केला, आणि हाताबरोबर कातडीही लांबली. इंचही लांबले. दुमडलेल्या हातावरचे नऊ इंच सरळ हातावर नऊ इंच दोन सूत भरत होते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुताराची अब्रू जायला एक पुरतं.

हे त्यांना आठ दिवसांनी कळलं. दातांच्या डॉक्टरांच्या कपाटाला सहा खण करायचे होते. खणांच्या जागा त्यांनी कपाटात हात घालून, म्हणजे सरळ हाताने मोजल्या. खणांच्या फळ्या मापल्या त्या बाकावर बसून, दुमडलेल्या हाताने. सहाही खण आपापल्या जागी खुळखुळ्यासारखे वाजू लागले.

“हे काय रे?” वस्तादांनी विचारलं.

“लाकूड आकसलं असेल.”

वस्तादांनी लाकडाकडे पाहिलं, मग त्यांच्या हाताकडे पाहिलं, आणि चहा प्यायला गेले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मिस्त्रींना अजून वाटतं.

त्या दिवसापासून त्यांनी हाताने माप घेणं सोडलं. पण लोक सोडतात थोडेच! गिऱ्हाईक दारात आलं की, “मिस्त्री, ते हातानं मोजून दाखवा ना!” मग मिस्त्री बाही वर सारायचे, चौकटीला हात लावायचे, डोळे बारीक करून “सव्वाआठ” म्हणायचे. गिऱ्हाईक खूश. मग मिस्त्रींची पेन्सिल खाली पडायची. ती उचलायला वाकलं की मागच्या खिशातला स्टीलचा टेप हातात यायचा, आणि खरं माप फळीमागे गुपचूप घेतलं जायचं. त्या दुकानाइतक्या वेळा पेन्सिल कुठल्याच दुकानात पडली नसेल.

पस्तिशीत एकदा ते कुणाला न सांगता कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. लेझरने जाईल, त्या म्हणाल्या, आठ-दहा खेपा लागतील, आकडे पुसट होतील, रेघांचे पांढरे वण मात्र राहतील.

“म्हणजे पट्टी राहील, फक्त वाचता येणार नाही?”

“साधारण तसंच.”

मिस्त्री उठून आले. चुकीच्या पट्टीपेक्षा मुकी पट्टी वाईट, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि पूर्ण बाह्यांचे सदरे शिवून घेतले. दुकानात मात्र बाही वरच. पाटीवर हात होता ना.

त्यांची मुलगी तीन वर्षांपासून त्यांच्याबरोबर दुकानात काम करते. बावीस वर्षांची आहे, आणि सांधे तिचे बापापेक्षा सफाईदार बसतात. ती प्रत्येक माप तीनदा घेते. “आमची पोरगी तीनदा मोजते, मग करवत लावते,” हे मिस्त्री प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. गिऱ्हाईक मान डोलवी, मुलगी मान खाली घालून काम करत राही.

एका बुधवारी जेवताना ती म्हणाली, “बाबा, शनिवारी माझ्यासाठी वेळ काढा. टॅटू काढून घेतेय.”

“काढ की. गुलाब काढ एखादा.”

“गुलाब कशाला? तुमचीच पट्टी. त्याच हातावर. शुक्रवारी ट्रेसिंग पेपरवर तुमच्या हातावरून उतरवून घेते. रेघ न् रेघ तशीच हवी म्हणून सांगितलंय त्याला.”

मिस्त्रींच्या घशात घास अडकला. बायकोने पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि ताटाकडे बघत हसू दाबलं.

पुढचे दोन दिवस मिस्त्रींनी हरतऱ्हेने मुलीचं मन वळवून पाहिलं. दुखतं, म्हणाले. “ते मी बघेन.” हात सुजतो, काम अडतं. “चार दिवस पॉलिश करीन.” माणूस पुढे पस्तावतो. “तुम्ही पस्तावलात?” यावर त्यांची पेन्सिल पडली.

गुरुवारी संध्याकाळी ते स्वयंपाकघरात बायकोच्या मागेपुढे करू लागले. बायको भांडी विसळत होती.

“सांगून टाका तिला,” ती मागे न बघता म्हणाली.

“काय सांगून टाकू?”

“अहो, त्या पडद्याचं.”

स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा त्यांच्या संसाराइतकाच जुना. नव्या नवरीवर छाप पाडायला त्यांनी ती खिडकी एकदाच हाताने मोजली होती, चार हात म्हणजे छत्तीस इंच. पडदा शिवून आला तो इंचभर तोकडा. त्या फटीतून चोवीस वर्षं सकाळचं ऊन बरोबर त्यांच्या ताटात पडत आलं होतं.

“तुला माहीत होतं?”

“मला वाटलं, तुम्हाला माहीत नाही. म्हटलं, कशाला मन मोडा.”

शुक्रवारी दुपारी मुलीने बाकावरचा भुसा झटकला, ट्रेसिंग पेपर अंथरला आणि टोक केलेली पेन्सिल घेतली. “द्या हात.”

मिस्त्रींनी हात दिला. तिने कागद वर ठेवला, पहिली रेघ उतरवली, दुसरी उतरवली. ती लहानपणी याच हाताला आपले खडू, चमचे, गोगलगायी लावून मोजायची. तिसऱ्या रेघेला मिस्त्रींनी हात मागे घेतला.

“स्टीलची पट्टी आण.”

“कशाला?”

“आण गं.”

तिने आणली. मिस्त्रींनी हात सरळ केला आणि स्वतःच ती शेजारी ठेवली. मुलीने वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग त्यांनी हात दुमडला. तिने तिसऱ्यांदा पाहिलं.

“दुमडला की नऊ, सरळ केला की नऊ इंच तीन सूत,” ती म्हणाली.

“दोन होतं. वयामुळे वाढलं असेल.” मग खण, पेन्सिल, डॉक्टरीणबाई, सगळं त्यांनी सांगितलं. सांगताना मधूनमधून हसलेही, कारण सांगायला गोष्ट तशी मजेशीर होती. मुलगी हसली नाही. ती उठून कोपऱ्यात गेली आणि एक स्टूल उचलून आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

ते तिने बाराव्या वर्षी केलेलं पहिलं स्टूल. एका पायाखाली दुमडलेला पुठ्ठा. मिस्त्रींनी किती वेळा म्हटलं होतं, दे, दहा मिनिटांत पाय सारखे करतो. “राहू दे, लक्षात राहतं,” म्हणायची. मुलगी हळवी आहे, असा त्यांनी अर्थ काढला होता.

“याचे पाय मी कशानं मोजले होते, आठवतं?”

मिस्त्रींना आठवलं. ‘बाबा, हात द्या’ म्हणाली होती. दोन पाय सरळ हातावर मोजून झाले, तेवढ्यात चहा आला. कप दुसऱ्या हातात घेऊन ते बसले, डावा हात कोपरात दुमडून तिच्याकडे दिला, आणि उरलेले दोन पाय तिने त्यावर मोजले.

“स्टूल डुगडुगायला लागलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. तुम्ही काय म्हणालात?”

तेही आठवलं. ‘माप नीट घेत जा, बाळा.’ गिऱ्हाइकं कौतुकाने हसली होती.

“मी तीनदा का मोजते, बाबा?”

मिस्त्रींना वाटलं, आपण सव्वीस वर्षं भलत्याच गोष्टीचा पस्तावा करत बसलो. कातडीवरची दोन सूतं कुणाचंच वाकडं करत नव्हती. ‘माप नीट घेत जा’ हे वाक्य मात्र दहा वर्षं या मुलीच्या हातात बसलेलं होतं, आणि आपण ते गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवत होतो.

“माप तू बरोबर घेतलं होतंस,” ते म्हणाले. “तेव्हाही मला माहीत होतं.”

“माहीत होतं?”

“हो.”

तिने स्टूल परत कोपऱ्यात नेऊन ठेवलं, पुठ्ठा नीट बसवला आणि संध्याकाळपर्यंत रंधा मारत राहिली. घरी दोघं वेगवेगळी गेली.

शनिवारी सकाळी ती दारात चपला घालून उभी होती. “चला. वेळ घेतलीय.”

“अजून काढायचाय?”

“मला नाही. तुम्हाला.”

“काय काढायचं?”

“ते तुम्ही ठरवा. निवडायची अक्कल आहे ना तुम्हाला? दोनदा आल्बम चाळला होतात.”

टोमणा होता, पण कालपासून ती पहिल्यांदाच बोलली होती. मिस्त्रींनी तो भेटीसारखा घेतला.

गोंदणारा तरुण होता. त्याने हात पाहिला, सरळ केला, दुमडला आणि मान हलवली. “हात खुर्चीवर टेकवून खुणा केल्या होत्या ना? आता माणसाला उभं करून करतात. तुमच्यासारखे चौघं येऊन गेले माझ्याकडे. एक तर शिंपी होते.”

मिस्त्रींना त्या शिंप्याला भेटावंसं वाटलं.

“पुसट करायचंय की वर दुसरं काही काढून झाकायचंय?”

“राहू दे. नऊच्या आकड्यापुढे एक शब्द लिही.”

मुलीने कागदावर अक्षर काढून दिलं, कारण मिस्त्रींचं अक्षर वाईट आहे. वीस मिनिटं लागली. या वेळी हात सरळ होता आणि मनगट मुलीने धरून ठेवलं होतं.

सोमवारी एक शिक्षिका पुस्तकांच्या कपाटासाठी आल्या. “तुम्हीच ना ते हातानं मोजणारे?”

मिस्त्रींनी बाही वर केली. बाईंनी एकेक आकडा वाचत नेला आणि शेवटी काळ्याभोर नव्या अक्षरांपाशी थांबल्या. तिथे लिहिलं होतं, ‘अंदाजे’. त्या खळखळून हसल्या.

“मग खरं माप कोण घेतं?”

“ही,” मिस्त्री म्हणाले, आणि मागच्या खिशातला टेप काढून सगळ्यांसमोर मुलीच्या हातात दिला.

तिने दुकानात ठेवलेल्या नमुन्याच्या कपाटाची रुंदी मोजली, आकडा सांगितला. पुन्हा मोजली, तोच आकडा आला. टेप गुंडाळायला तिचं बोट कळीवर गेलं, तिथंच क्षणभर थांबलं, आणि तिने टेप तिसऱ्यांदा ओढला.

‘आमची पोरगी तीनदा मोजते’ हे मिस्त्रींनी या वेळी बाईंना ऐकवलं नाही. तिचं मोजून होईपर्यंत ते पेन्सिल हातात धरून उभे राहिले.