सगळ्या फोटोंत माझी पाठ

केळव्याजवळच्या माहीमला झालेल्या एका लग्नाचे फोटो मी माझ्याच हातानं पुसून टाकले. मुद्दाम नाही, पण माझ्याच हातानं. कुणी विचारलं तर कॅमेऱ्यातलं कार्ड खराब झालं असं सांगता आलं असतं. आमच्या धंद्यात तसं सांगतातही. पण ते कार्ड धडधाकट होतं, मी अजून वापरते ते.

मी बोईसरला राहते. लग्नाचे आणि घरगुती फोटो काढते, एकटीच. नवरा तारापूरच्या एका कारखान्यात शिफ्टला जातो. सतरा वर्षं झाली मला या कामात. बाईमाणूस बरी म्हणून लोक मला बोलावतात. नवरी साडी नेसत असते, तिची आई कोपऱ्यात डोळे पुसत असते, त्या खोलीत पुरुष फोटोग्राफरला कुणी येऊ देत नाही. मला देतात. कधी कधी तर साडीच्या पिना पण माझ्याच हातात देतात.

दोन वर्षांपासून माझा उजवा खांदा वर जात नाही. कॅमेरा डोळ्याला लावायचा तर डाव्या हातानं उजव्या कोपराला टेकू द्यावा लागतो. डॉक्टर म्हणाले, विश्रांती द्या. मी म्हटलं, वैशाख संपू दे.

त्या वैशाखात आठ दिवसांत पाच लग्नं घेतली होती. नाही म्हणायला मला जमत नाही. एकदा नाही म्हटलं की ते घर पुन्हा येत नाही, त्यांची जाऊबाई येत नाही, शेजारीण येत नाही. माहीमचं लग्न त्यातलं चौथं. मुलीचे वडील मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके, आई मासळी सुकवून बाजारात विकणारी. मुलगी बोईसरला औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत कामाला. मुलगा डहाणूकडचा. घरातलं पहिलं लग्न.

वडिलांना फोटोचं वावडं होतं. हळदीला मी त्यांना तीनदा बोलावलं, तिन्ही वेळा ते पाण्याचं पिंप बघायला निघून गेले. पण लग्नात मुलीचा हात जावयाच्या हातात देताना सुटका नव्हती. भर दुपार होती, मांडवाचं कापड तापलं होतं. त्यांनी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. त्यांना तो सोडवेना. भटजी म्हणाले, "सोडा आता." तेव्हा त्यांनी मान वर केली आणि त्यांचा सगळा चेहरा ढासळला. मी बटण दाबलं. काही फोटो निघाले की त्याच क्षणी कळतं. वर्षात असे चार-पाच निघतात.

थोड्या वेळानं मुलीची आई गर्दीतून माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "ह्यांचा तो काढला ना तुमी?"

"काढला," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासवणला लग्न होतं, माहीमचे फोटो कॉम्प्युटरवर उतरवायला रात्री वेळच झाला नव्हता. स्कूटीवरून मनोर रस्त्यानं जाताना मला वळणं आठवत नव्हती, एवढी मी झोपेत होते. मांडवात आंब्याचे टहाळे लावलेले, सनई नाही, तारपा नाही, मोठा स्पीकर. मी एका पालथ्या घातलेल्या टोपावर बसून कॅमेरा तयार केला. माझा नेम असा की भरलेलं कार्ड पिशवीच्या डाव्या कप्प्यात, रिकामं उजव्या. त्या सकाळी हात डाव्या कप्प्यात गेला. कॅमेऱ्यानं विचारलं, सगळं पुसायचं का? अंगठ्यानं हो म्हटलं. अंगठ्याला सवय होती, त्यानं मला विचारलं नाही.

कळलं ते जेवताना. पत्रावळीवर भात आणि डाळ घेऊन बसले होते. उजव्या कप्प्यात हात घातला तर कोरं कार्ड तिथंच. मग कॅमेऱ्यात कुठलं? मी कॅमेरा उघडला. कार्डाच्या कडेला मी शाईनं ठिपका केलेला असतो, भरल्यावर. ठिपका होता. त्यावर मी तोपर्यंत चारेकशे नवे फोटो काढले होते.

घास खाली ठेवला. शेजारची म्हातारी म्हणाली, "बाय, भात नाय आवडला?" मी म्हटलं, आवडला. खाल्ला. कार्ड बदललं आणि राहिलेलं लग्न पुरं केलं. त्या लोकांची काय चूक होती?

पालघरला स्टेशनजवळ एक कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आहे. त्यानं दोन दिवस कार्ड ठेवून घेतलं. परत गेले तर पडद्यावर बरेच फोटो दिसले आणि मला क्षणभर हायसं वाटलं. मग तो एकेक उघडायला लागला. अर्धं कपाळ आणि खाली करडा पट्टा. एक बांगड्यांचा हात, बाकी करडं. "वरून नवे बसलेत ना ताई," तो म्हणाला, "खालचे कसे येणार?" पुरे असे अकरा निघाले. त्यात चपलांचा ढीग होता, अक्षतांचं ताट होतं, मला न ओळखू येणारे दोन पाहुणे होते. हळदीचे फोटो दुसऱ्या कार्डावर होते म्हणून वाचले. लग्न गेलं.

चार दिवस मी गप्प राहिले. पाचव्या दिवशी मुलीच्या आईचा फोन आला, "ताई, फोटो बघायला कवा येऊ?" मी म्हटलं, चार दिवसांनी. फोन ठेवला. नवरा शिफ्टवरून आला होता, चहा पीत होता. त्याला सगळं ठाऊक होतं. "जाऊन सांग," तो म्हणाला. "फोनवर नको."

मी गेले तेव्हा ती घरामागे बांबूंवर बोंबील उलटत होती. मला बघून हसली. "आणले?"

"लग्नाचे फोटो गेले, ताई."

"कुठं गेले?"

"पुसले गेले. माझ्याकडून."

तिचा हात बोंबलावर तसाच. "हळदीचे?"

"हळदीचे आहेत. लग्नाचे नाहीत."

"ह्यांचा तो?"

"तो पण नाही."

ती जवळच्या ओंडक्यावर बसली. म्हणाली, "मी तुमाला विचारलं होतं. तुमी काढला म्हणालात."

"काढला होता."

"मंग?"

मी पैसे परत करायचं बोलले, तिनं मान फिरवली. तेवढ्यात मागच्या दारात मुलीची आजी आली. तिला कमी ऐकू येतं. सुनेनं ओरडून सांगितलं, लग्नाचे फोटो गेले. आजीनं माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "मंग परत लगीन लावायचा का?" ती चिडून बोलली की खरोखरच विचारत होती, मला आजवर कळलेलं नाही. कुणी हसलं नाही.

वडील बोटीवर गेले होते. "त्यांना मी सांगेन," मुलीची आई म्हणाली. "तुमी नका सांगू." मुलीला मात्र मीच फोन केला, तिथंच उभी राहून. ती सगळं ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "मला तुमच्याशी आत्ता काही बोलायचं नाही," आणि फोन बंद.

मी स्कूटीपर्यंत आले होते. शेजारची एक बाई कुंपणापाशी उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं मला हाक मारली. "माझ्या फोनात हायेत दोन-तीन. चालतील का?"

चालणार होते. काहीही चालणार होतं. मग मी तीन दुपारी त्या गावात घरोघर फिरले. लग्नाला कोण कोण होतं ते एक घर सांगायचं, ते दुसऱ्या घरी पाठवायचं. फोटो देताना कुणी खळखळ केली नाही. पाणी दिलं, एका घरी परसातल्या झाडाचे जाम दिले. आणि फोन माझ्या हातात दिल्यावर जवळजवळ प्रत्येक घरात तेच झालं. मी फोटोत नवरी शोधायचे आणि नवरीच्या जागी एक पाठ असायची. हिरवा कुर्ता, ओढणी कमरेला गुंडाळलेली, उजवा खांदा खाली पडलेला, कुबड आल्यासारखी मान पुढे. सुरुवातीला मला वाटलं, कोण ही आडवी आलेली बाई? तिसऱ्या की चौथ्या फोनात कळलं.

"ह्या बघा, तुमीच!" एका घरातल्या सुना हसत सुटल्या. "आमी तवा ओरडत होतो, ताई जरा बाजूला व्हा, तुमी ऐकलाच नाय."

खरंच ऐकलं नव्हतं. सतरा वर्षांत किती लोकांनी माझ्या पाठीमागून मान उंचावून लग्न बघितलं असेल, याचा मी कधी विचार केला नव्हता. मला वाटायचं मी त्यांच्यासाठीच पुढे उभी आहे. अंतरपाट, मंगळसूत्र, हार, सगळीकडे ती पाठ. आणि दुखरी पाठ लांबूनही ओळखू येते. घरी मोठ्या पडद्यावर ते फोटो बघताना नवरा मागे येऊन उभा राहिला आणि माझ्या खांद्यावर तेल चोळायला लागला.

वडिलांचा तो क्षण मात्र कुणाकडेच नव्हता. सगळे माझ्या मागे होते आणि मी मधे. शेवटच्या दुपारी मुलीच्या मामेबहिणीला आठवलं, की जेवण वाढायला आलेल्यांतला एक जण मांडवाच्या पलीकडून व्हिडिओ काढत होता. पलीकडून म्हणजे माझ्या समोरून.

केटरर बोईसरचा. त्यानं सांगितलं तो माणूस बेटेगावला चाळीत राहतो. मी रविवारी गेले. खोलीत चौघे होते, एक जण कांदा चिरत होता, तोच तो. मी लग्नाचं नाव काढताच घाबरला. त्याला वाटलं तक्रार आली.

"निकाला था मॅडम," तो म्हणाला. "घरवाली को भेजने के लिए. इधर की शादी कैसी होती है, वो पूछती रहती है."

"अभी है क्या?"

"है ना. डिलीट क्यों करूँगा?"

हात पुसून त्यानं फोन दिला. व्हिडिओ हलत होता, मधेच मांडवाचा बांबू येत होता. पण वडील एका बाजूनं नीट दिसत होते. तो पुढे केलेला हात, भटजींचं "सोडा आता", वर आलेली मान, सगळं होतं. आणि त्यांच्या खांद्यापलीकडे मी होते. कॅमेरा छातीशी धरलेला, डोळे मिटलेले. उभ्या उभ्या. आधी वाटलं पापणी लवली असेल, पण नाही. भटजी बोलतात तेव्हा मी दचकते, डाव्या हातानं कोपर उचलते आणि फोटो काढते.

तो माझ्या खांद्यावरून बघत होता. "आप सो गई थीं क्या, मॅडम?"

"हाँ," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यानं मला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

व्हिडिओतून चित्रं काढली तर ती फुटतात, मोठी करता येत नाहीत. मी ती लहानच ठेवली. एका पानावर वडिलांची चार छोटी चित्रं, एकाखाली एक. बाकीच्या पानांवर लोकांच्या फोनांतले फोटो, जिथं जमेल तिथं माझी पाठ कापून, जिथं नाही जमलं तिथं तशीच. वडिलांच्या मागची ती मिटल्या डोळ्यांची बाई मला सहज पुसता आली असती. दोन मिनिटांचं काम. मी नाही पुसली. पुसण्याचा त्या दिवसांत वीट आला होता.

आल्बम घेऊन गेले ते पावसात, बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात तेव्हा. म्हणजे वडील घरी असतील. मुलगी पण आली होती, एकटीच. वडील पडवीत जाळं विणत होते, त्यांनी ओल्या हातानं आल्बमला हात लावला नाही. मुलगी पानं उलटत होती, ते बघत होते. ते पान आलं तेव्हा ते खाली वाकले.

"हा कुणी काढला?"

"जेवण वाढायला आला होता, त्यानं."

"बरा काढला," ते म्हणाले आणि जाळ्याकडे परत गेले. मुलीची आई आत चहा ठेवायला गेली ती लवकर बाहेर आली नाही.

मुलगी त्या पानावरच थांबली होती. म्हणाली, "ह्या मागे तुम्ही आहात?"

"हो."

"झोपलात?"

"दुसऱ्या दिवशी पण लग्न होतं," मी म्हटलं. बोलल्याबरोबर वाटलं, हे सांगायला नको होतं. तिला काय त्याचं? तिचं एकच लग्न होतं.

तिनं आल्बम मिटला, पिशवीत घातला. "तुम्ही फिरलात, ते आईनं सांगितलं मला," ती म्हणाली. "पण ताई, मला अजून राग आहे." मी म्हटलं, असू दे. तिच्या आईनं चहा आणला, आम्ही तिघींनी तो पाऊस बघत प्यायला.

या वर्षी मी ठरवलं होतं की लागोपाठ दोन दिवस लग्नं घ्यायची नाहीत. दोनदा मोडलं. खांदा तसाच आहे. अंतरपाटाच्या वेळी आता मी खाली बसते, मग उठताना गुडघ्याला हात लावून उठावं लागतं, आणि कुणीतरी हात देतं.

यंदाच्या मार्गशीर्षात त्या मुलीचं डोहाळजेवण झालं. फोटोला पालघरचा कुणी तरुण होता, त्याचे फोटो तिच्या आईनं मला फोनवर पाठवले. चांगले होते, उजेड छान पकडला होता त्यानं. आमंत्रण मला होतं, नुसतं जेवायला. त्या दिवशी मला मनोरला एक घरगुती फोटो काढायचा होता. काम नसतं तरी मी गेले असते का, सांगता येत नाही.